सेलिंग क्लबची वेबसाइट नव्या मेंबरने कशी वापरायची, अगदी पहिल्या लॉगिनपासून

आमच्या क्लबात नवीन मेंबर आले की त्यांना बोटी दाखवायला बाकीचे सगळे हौसेने पुढे येतात आणि वेबसाइट समजावून सांगायचं काम माझ्याकडे येतं. गेली काही वर्षं असंच चाललंय आणि मला ते मनापासून आवडतं, कारण त्या अर्ध्या तासात जे नीट कळतं त्यावरच माणूस पुढचा सीझन पाण्यात घालवतो की धक्क्यावर उभा राहून नुसता बघत बसतो हे बरंचसं ठरतं. मागे एक नवा मेंबर सकाळी दहाला ट्रेलरवर बोट घेऊन आला, सोबत क्रू म्हणून त्याची मुलगी, दोघंही लाइफ जॅकेट वगैरे घालून तयार, आणि पाण्यात बघतात तर रेस सुरू होऊन तासाच्या वर झालेला. भरतीच्या वेळेमुळे त्या दिवशीची सुरुवात दोन तास अलीकडे आणली होती आणि तशी सूचना साइटवर चार दिवस आधी लागली होती. त्याने महिनाभरापूर्वी डाउनलोड केलेली पीडीएफ फोनमध्ये होती, तो तीच बघून आला होता. मुलीचा चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे. म्हणून मी नव्या माणसाला सगळ्यात आधी एकच सवय लावायला बघते, कुठलंही पान उघडलं की मजकूर नंतर, आधी ते कधीचं आहे ते बघा. तारीख, वेळ, आवृत्ती नंबर, जे काही दिसेल ते. खाली जे जे सांगतेय त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी लॉगिन, आणि ते घरी बसून

जवळजवळ सगळ्या क्लबांच्या साइटचे दोन भाग असतात, एक कुणालाही दिसतो आणि दुसरा फक्त मेंबरला. बाहेरच्या भागात क्लबची ओळख, कोर्सेस, साधारण कॅलेंडर आणि रिझल्ट असतात. बुकिंग, ड्यूटीची यादी, मेंबरांचे फोन नंबर, मीटिंगचे कागद हे सगळं आत. नवे लोक बाहेरच्याच भागात फिरत राहतात आणि मग म्हणतात की साइटवर काहीच नाही.

मेंबरशिपच्या फॉर्मवर जो ईमेल दिला असेल त्याच ईमेलने लॉगिन होतं हे लक्षात ठेवा. ऑफिसचा दिला असेल आणि तुम्ही घरच्या ईमेलने प्रयत्न करत बसलात तर साइट म्हणणार असा मेंबरच नाही. अशा वेळी बरेच जण वैतागून नवीन अकाउंट उघडतात, ते मात्र करू नका, कारण मग तुमच्या नावाच्या दोन नोंदी होतात, फी एकीवर जमा होते, बोट दुसरीवर लागते आणि रिन्यूअलच्या वेळी तुम्ही पैसे भरलेले असूनही थकबाकीदार दिसता. त्यापेक्षा मेंबरशिप बघणाऱ्याला दोन ओळींचा मेल टाका की कुठला ईमेल नोंदलाय ते सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पासवर्ड रीसेटची लिंक स्पॅममध्ये जाते, तिथे बघा, आणि ती थोडाच वेळ चालते त्यामुळे आली की लगेच वापरा. फॅमिली मेंबरशिप असेल तर प्रत्येकाला वेगळं लॉगिन आहे की एकाच लॉगिनखाली सगळ्यांची नावं आहेत ते विचारून घ्या, नाहीतर रेसला एंट्री मुलाची करायची असते आणि होते आईच्या नावाने.

हे सगळं पहिल्यांदा कॉम्प्युटरवर करा. फोनवर मेनू तीन आडव्या रेघांच्या मागे लपलेला असतो आणि त्यात आणखी उपमेनू, नव्या माणसाला काय कुठे आहे याचा अंदाज येत नाही. एकदा मोठ्या स्क्रीनवर सगळा मेनू फिरून बघितला की मग फोनवर काही अडत नाही.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्यांसाठी मुद्दाम सांगते. ब्राउझर पान आपोआप मराठीत करून देऊ का असं विचारतो, बाकी पानांना चालेल पण रेसच्या कागदांना ते बंद ठेवा. सेलिंगमध्ये पोर्ट म्हणजे डावी बाजू, मशीन त्याचं बंदर करून टाकतं. शीट म्हणजे शीड ओढायची-सोडायची दोरी, तिची चादर होते. 'मार्क पोर्टला ठेवा' याचा अर्थ बोया, म्हणजे पाण्यात तरंगणारी खूण, आपल्या डाव्या हाताला ठेवून वळा, हे वाक्य जर बंदराबद्दल आहे असं वाटलं तर बोया उलट्या बाजूने घेतला जाणार आणि सगळी मेहनत वाया. शब्द मूळचेच राहू देत, पन्नासेक शब्द आहेत, महिन्याभरात सवयीचे होतात.

प्रोफाइल, जे कुणी भरत नाही

लॉगिन झालं की सगळे थेट कॅलेंडरकडे पळतात. थांबा, प्रोफाइल भरा. यात सगळ्यात महत्त्वाचा रकाना इमर्जन्सी काँटॅक्टचा आहे आणि मी कितीतरी जोडप्यांच्या नोंदी बघितल्यात जिथे नवऱ्याने बायकोचं नाव दिलंय आणि बायकोने नवऱ्याचं, आणि दोघं एकाच बोटीत जातात. बोट उलटली आणि दोघंही पाण्यात असले तर फोन कुणाला करायचा? जो माणूस त्या वेळी किनाऱ्यावर असेल, फोन उचलेल आणि तुमच्या तब्येतीबद्दल चार गोष्टी सांगू शकेल त्याचा नंबर द्या. दमा, डायबेटीस, फिट्स येणं असं काही असेल तर तेही लिहा, ही माहिती सगळ्या मेंबरांना दिसत नाही ना, हे एकदा विचारून खात्री करून घ्या आणि लिहाच.

मग बोटीची माहिती. क्लास म्हणजे बोटीचा प्रकार, सेल नंबर, हलचा म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा रंग, इन्शुरन्स कधी संपतो ती तारीख. सेल नंबर शिडाकडे बघून टाका, आठवणीतून नको. आमच्याकडे एका बाईंनी सेकंडहँड बोट घेतली, तिच्यासोबत दोन शिडं आली, कागदावर एक नंबर आणि रेसला लावलेल्या शिडावर दुसरा. फिनिश लाइनवर बसलेला माणूस शिडावरचा नंबर लिहून घेतो, त्याला नावं दिसत नाहीत. रिझल्ट लागले तेव्हा त्यांच्या नावापुढे डीएनसी, म्हणजे ही बोट आलीच नव्हती, आणि त्या तर पाचव्या आल्या होत्या. दुरुस्त झालं, पण तीन दिवस मेलामेली करून. शीड बदललं की प्रोफाइलमध्ये नंबर बदला आणि रेस ऑफिसलाही कळवा.

मेंबर डिरेक्टरीत आपला फोन आणि ईमेल दाखवायचा की नाही याचं बटण बहुतेक प्रोफाइलमध्येच असतं. मी नव्यांना सांगते की निदान फोन तरी दिसू द्या, क्रू शोधणारे, ड्यूटी बदलून मागणारे त्याच यादीतून फोन करतात आणि ओळखी अशाच होतात. पटत नसेल तर बंद ठेवा, तो तुमचा हक्क आहे.

कॅलेंडर वाचायची पद्धत

कॅलेंडरमध्ये वेळ दिलेली असते, पण ती कशाची वेळ ते बघा. कधी ती ब्रीफिंगची असते, कधी वॉर्निंग सिग्नलची, तर कधी प्रत्यक्ष स्टार्टची. नेहमीच्या पद्धतीत स्टार्टच्या ५ मिनिटं आधी वॉर्निंग, ४ मिनिटं आधी प्रिपरेटरी म्हणजे तयारीचा झेंडा वर, १ मिनिट आधी तो झेंडा खाली आणि मग स्टार्ट, असा क्रम असतो. म्हणजे 'पहिला वॉर्निंग ११ वाजता' लिहिलं असेल तर स्टार्ट ११ वाजून ५ मिनिटांनी. आणि त्या वेळी तुम्ही पाण्यात, स्टार्ट लाइनजवळ हवेत, पार्किंगमध्ये नाही. बोट शीड लावून तयार करायला, कपडे बदलायला आणि लाइनपर्यंत जायला मिळून नव्या माणसाला दीड तास धरावा असं माझं मत आहे, अनुभवी लोक यापेक्षा कमी सांगतील, त्यांचं ऐकू नका.

क्लबचं कॅलेंडर स्वतःच्या फोनमध्ये घ्यायची सोय बहुतेक साइटवर असते आणि तिथे दोन बटणं असतात, ती सारखीच वाटतात पण तशी नाहीत. डाउनलोड केलं तर आजच्या घडीचं कॅलेंडर तुमच्या फोनमध्ये उतरतं आणि तिथेच थांबतं, उद्या क्लबने वेळ बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहते. सबस्क्राइब केलं तर फोन अधूनमधून क्लबच्या साइटला विचारत राहतो आणि बदल आपोआप येतात. सबस्क्राइबच करा. पण तिथेही फोन किती वेळाने विचारतो ते आपल्या हातात नसतं, बदल यायला कित्येक तास लागू शकतात, त्यामुळे सकाळी सातला टाकलेला बदल नऊला तुमच्या फोनमध्ये आलेला असेलच असं धरून चालू नका. रेसच्या दिवशी सकाळी थेट साइटवर जाऊन बघायचं, पान उघडं असेल तर रिफ्रेश करून बघायचं, कारण ब्राउझर कधी कधी कालचंच पान दाखवतो.

रेसचे कागद: आधी काय, नंतर काय

इथे नवीन लोक सगळ्यात जास्त गोंधळतात, म्हणून जरा सावकाश सांगते. रेसच्या पानावर साधारण तीन प्रकारचे कागद असतात.

पहिला नोटीस ऑफ रेस. हा खूप आधी लागतो. कोण भाग घेऊ शकतं, कुठले क्लास, एंट्री कशी आणि कधीपर्यंत, किती रेस होणार, किती डिस्कार्ड म्हणजे बेरजेतून गाळायचे वाईट निकाल, इन्शुरन्स लागतो का, हे सगळं त्यात. यावं की नाही हे ठरवायला हा कागद वाचायचा. दुसरा सेलिंग इन्स्ट्रक्शन्स, सगळे त्याला एसआय म्हणतात. पाण्यात काय करायचं ते यात, कोर्स कसा, बोया कुठल्या रंगाचे आणि कुठल्या बाजूने घ्यायचे, स्टार्टचा क्रम, टाइम लिमिट, प्रोटेस्ट म्हणजे दुसऱ्या बोटीविरुद्धची तक्रार कधीपर्यंत द्यायची. तिसरा प्रकार म्हणजे या दोन्हींमधले बदल, अमेंडमेंट नंबर १, नंबर २ असे. हे एकेका पानाचे असतात म्हणून लोक उघडत नाहीत आणि खरी माहिती तिथेच असते.

वाचायचा क्रम माझ्या मते उलटा ठेवा. आधी सगळ्यात नवीन बदल उघडा, मग त्याच्या मागचा, मग एसआय. म्हणजे एसआय वाचताना कुठलं कलम आता लागू नाही हे डोक्यात असतं. काही क्लब बदल झाला की मूळ पीडीएफच नवी टाकतात, अशा वेळी फाइलच्या नावात किंवा पहिल्या पानावर आवृत्ती आणि तारीख असते, ती बघा, आणि फोनमधली जुनी फाइल डिलीट करा, नुसती नवी आणून ठेवू नका.

साइटवर ऑफिशियल नोटीस बोर्ड असं एक पान असतं का ते आवर्जून शोधा. पूर्वी हा क्लबहाउसमधला लाकडी फळा असायचा, आता बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन पान हाच अधिकृत बोर्ड असतो आणि तसं नोटीस ऑफ रेसमध्ये किंवा एसआयमध्ये लिहिलेलं असतं. एकदा ते लिहिलं की तिथे लागलेली सूचना तुम्हाला मिळाली असंच धरलं जातं, 'मी बघितलं नव्हतं' हे ऐकून घेतलं जात नाही. किनाऱ्यावर एल झेंडा, म्हणजे पिवळ्या-काळ्या चार चौकोनांचा, वर गेलेला दिसला की त्याचा अर्थ नोटीस बोर्डावर स्पर्धकांसाठी नवीन सूचना लागलीय. तो दिसला की हातातलं काम ठेवून फोन काढा. झेंडा आणि वेबसाइट यांचा हा संबंध नव्यांना कुणी सांगतच नाही.

नियमांचं मूळ पुस्तक क्लबच्या साइटवर सहसा नसतं, लिंक असते. वर्ल्ड सेलिंग ही जागतिक संस्था रेसिंगचे नियम दर चार वर्षांनी नवीन काढते, सध्याचे २०२५ ते २०२८ चे आहेत आणि ते त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. क्लबच्या साइटवरची लिंक जर २०२१ ते २०२४ च्या पुस्तकाकडे जात असेल तर ती जुनी आहे, वेब बघणाऱ्याला कळवा.

हवा आणि भरतीचं पान

हे माझं आवडतं पान आहे आणि इथे मी नव्या माणसाला जास्तीत जास्त वेळ बसवते, कारण बाकी पानांवर चुकलात तर रेस बुडते, इथे चुकलात तर जिवाशी खेळ होतो.

आधी हे ओळखायला शिका की समोरचा आकडा अंदाज आहे की मोजलेला आहे. दोन्ही एकाच पानावर शेजारी शेजारी असतात. अंदाज म्हणजे हवामानाच्या मॉडेलने काढलेला, मोजलेला म्हणजे क्लबच्या छपरावर किंवा जेट्टीवर लावलेल्या यंत्राने आत्ता वाचलेला. मोजलेल्या आकड्याशेजारी वेळ असते, ती अर्ध्या तासापूर्वीची असेल तर यंत्र बंद पडलंय किंवा नेट गेलंय. वेबकॅमचं तसंच, चित्र छान शांत पाण्याचं दिसतंय पण कोपऱ्यातली वेळ कालची आहे असं मी स्वतः बघितलंय. शिवाय यंत्र छपरावर असेल आणि वारा इमारतीच्या किंवा झाडांच्या मागून येत असेल तर ते कमी दाखवतं, बाहेर मोकळ्या पाण्यात वारा जास्त असतो. तुमच्या क्लबात कुठल्या दिशेला यंत्र फसतं ते जुन्या मेंबरला विचारा, त्यांना पाठ असतं.

वारा नॉट्समध्ये देतात, १ नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, दुप्पट करून थोडं कमी केलं की झालं. दिशा म्हणजे वारा जिथून येतोय ती, पश्चिमेचा वारा म्हणजे पश्चिमेकडून येणारा, आपण बोलतानाही तसंच म्हणतो. पण नकाशावरचे बाण बहुतेक वारा जिकडे चाललाय तिकडे टोक करून असतात, त्यामुळे आकडा आणि बाण उलटे वाटतात, गोंधळू नका. किनाऱ्यावरून पाण्याकडे जाणारा वारा असेल तर जास्त जपा, काठाजवळ पाणी सपाट दिसतं, सोपं वाटतं, आणि बाहेर गेल्यावर परत येणं जड जातं.

दोन आकडे असतात, सरासरी आणि गस्ट म्हणजे झोत. नवे लोक सरासरी बघतात, मी म्हणते गस्ट बघा. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे १० नॉटचा १४ झाला की शिडावरचा जोर जवळजवळ दुप्पट. सरासरी १२ आणि गस्ट २० असेल तर त्या झोतात बोटीवर येणारा जोर सरासरीच्या पावणेतीन पट असतो. १२ वाचून निघालेला माणूस २० मध्ये उलटतो, ते यामुळेच.

आता भरती. तुमचा क्लब तलावावर किंवा धरणावर असेल तर हा भाग सोडा, पाण्याची पातळी आणि स्लिपवे, म्हणजे बोट पाण्यात उतरवायचा उतार, उघडा आहे का तेवढं बघा. समुद्रावर किंवा खाडीत असाल तर भरतीचा तक्ता नीट वाचता यायलाच हवा. पहिली गोष्ट म्हणजे तक्ता कुठल्या घड्याळात आहे. काही तक्ते यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, काही स्थानिक वेळेत, आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात तिथे तक्त्यात तो तास धरलाय की आपण मिळवायचाय हे तळटीपेत बारीक अक्षरात असतं. एक तासाची चूक म्हणजे ट्रेलर चिखलात.

दुसरं, तक्त्यातली उंची म्हणजे त्या जागेची खोली नव्हे. ती चार्ट डेटम नावाच्या एका ठरावीक पातळीपासून मोजलेली असते, नकाशावरच्या खोलीत ती मिळवायची तेव्हा खरं पाणी कळतं. तिसरं, बहुतेक किनाऱ्यांवर दिवसाला दोन भरत्या येतात, एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून उद्याची भरती आजच्यापेक्षा सुमारे ५० मिनिटं उशिरा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, हे आपल्याकडे कोळ्याच्या पोरालाही माहीत असतं, तक्त्यातही तेच दिसतं, उधाणाला भरती-ओहोटीतला फरक मोठा आणि प्रवाह जोरदार.

आणि पाणी सारख्या वेगाने चढत नाही. ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सहा तास धरले तर पहिल्या तासात बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. फरक ३.६ मीटरचा असेल तर तासागणिक ०.३, ०.६, ०.९, ०.९, ०.६, ०.३ मीटर. मधल्या दोन तासांतच अर्धं पाणी येतं किंवा जातं. हा ढोबळ हिशेब आहे, सगळ्या खाड्यांना लागू पडत नाही, पण साइटवर 'भरतीच्या दोन तास आधी ते दोन तास नंतर लाँचिंग' (म्हणजे बोट पाण्यात उतरवणं) असं का लिहिलेलं असतं ते यातून समजतं. ती चार तासांची मुदत वाचली की उलटा हिशेब करा, परत यायची वेळ त्या मुदतीच्या आत आहे ना.

एवढं सगळं वाचून झाल्यावरही जायचं की नाही हे तुम्हीच ठरवायचं. रेसिंगच्या नियमांत नियम ३ हाच आहे, रेसमध्ये उतरायचं किंवा चालू ठेवायचं हा निर्णय आणि त्याची जबाबदारी फक्त त्या बोटीची. क्लबने रेस रद्द केली नाही म्हणजे तुमच्यासाठी वारा योग्य आहे असा अर्थ होत नाही.

बुकिंग आणि ड्यूटी

क्लबची बोट बुक करणं सोपं आहे, तारीख, स्लॉट, बोट निवडायची. फक्त कन्फर्मेशनचा मेल आला का बघा, कारण काही साइटवर विनंती जाते आणि कुणीतरी मंजूर केल्यावरच बुकिंग पक्कं होतं. येणं जमत नसेल तर कॅन्सल करा, तुम्ही अडवलेली बोट दुसऱ्या कुणाची तरी पहिली बोट असू शकते.

ड्यूटीबद्दल मात्र कळकळीने सांगायचंय. क्लब मेंबरांच्या हातांवर चालतो, वर्षातून काही दिवस तुम्हाला सेफ्टी बोटीवर, रेस ऑफिसमध्ये किंवा गॅलीत म्हणजे क्लबच्या स्वयंपाकघरात काम असतं आणि ती यादी मेंबरांच्या भागात लागते. यादी लागली की त्याच दिवशी आपलं नाव शोधा, तारखा कॅलेंडरमध्ये टाका. जमत नसेल तर साइटवर स्वॅपचं बटण असेल ते दाबा, पण नुसतं बटण दाबून मोकळं होता येत नाही, दुसऱ्याने घेतल्याशिवाय नाव तुमचंच राहतं. स्वॅपची विनंती टाकून माणूस निर्धास्त झाला, ती कुणी घेतली नाही आणि सकाळी सेफ्टी बोट चालवायला माणूसच नाही, असं एकदा झालंय. त्या दिवशी वारा सुंदर होता, २६ बोटी शिडं उभारून तयार होत्या आणि सगळ्यांनी शिडं उतरवली. स्वॅप टाकली की डिरेक्टरी उघडून दोन-तीन जणांना फोन करा, फोनवर लोक हो म्हणतात.

रिझल्टचं पान

रिझल्टमध्ये आधी वरती 'प्रोव्हिजनल' लिहिलंय की 'फायनल' ते बघा, सोबत किती वाजता काढलाय ते. प्रोव्हिजनल असेल तर बदलू शकतो.

गुणांची पद्धत म्हणजे पहिल्याला १, दुसऱ्याला २ असं, ज्याचे कमी तो वर. अक्षरं दिसली तर घाबरू नका. डीएनसी म्हणजे स्टार्टच्या भागात आलीच नाही, डीएनएस म्हणजे आली पण स्टार्ट केला नाही, ओसीएस म्हणजे स्टार्टच्या वेळी लाइनच्या पलीकडे होती आणि परत येऊन नीट स्टार्ट घेतला नाही, डीएनएफ म्हणजे फिनिश झाली नाही, आरईटी म्हणजे स्वतःहून बाहेर पडली, डीएसक्यू म्हणजे बाद. मालिकेत १४ बोटींची एंट्री असेल तर डीएनसीला १५ गुण, म्हणजे एंट्रीपेक्षा एक जास्त. कंसात घातलेला आकडा म्हणजे डिस्कार्ड, तो बेरजेत धरत नाहीत, वेगळं काही ठरवलं नसेल तर प्रत्येकाचा सगळ्यात वाईट एक निकाल असा गळतो. शेवटून दुसरे आलात तरी रेस पूर्ण करा, डीएनसीपेक्षा ते केव्हाही बरं आणि शिकणं होतं ते वेगळंच.

वेगवेगळ्या प्रकारच्या बोटी एकत्र असतील तर हँडिकॅप लागतो, म्हणजे वेगवान आणि हळू बोटींची बरोबरी करायला वेळ सुधारून घेतात, आणि तिथे 'आम्ही आधी आलो आणि तरी खाली कसे' हा प्रश्न हमखास येतो. पोर्ट्समथ यार्डस्टिक पद्धतीत प्रत्येक क्लासला एक नंबर असतो, लागलेला वेळ गुणिले १००० भागिले तो नंबर. समजा एका बोटीचा नंबर १००० आणि तिला लागली ५६ मिनिटं, तर सुधारित वेळ ५६ मिनिटंच. दुसरीचा नंबर ११००, तिला लागली ६० मिनिटं, तर सुधारित वेळ साधारण ५४ मिनिटं ३३ सेकंद. चार मिनिटं मागून आलेली बोट वर जाते. रकान्यात लागलेला वेळ आणि सुधारित वेळ शेजारी शेजारी असतात, एकदा स्वतः गुणाकार करून बघा, मग तक्रार राहत नाही.

चूक खरंच असेल तर चौकशीचा फॉर्म असतो, त्यात तारीख, रेस नंबर, सेल नंबर आणि तुमच्या पुढे-मागे कोण होतं ते लिहा. 'माझा रिझल्ट चुकलाय' एवढ्यावरून कुणी काही शोधू शकत नाही. आणि दुसऱ्या बोटीविरुद्ध प्रोटेस्ट करायचा असेल तर तो रिझल्ट बघून ठरवायची गोष्ट नव्हे, एसआयमध्ये वेगळं दिलं नसेल तर शेवटची बोट फिनिश झाल्यापासून दोन तासांत द्यावा लागतो, ऑनलाइन फॉर्म कुठे आहे ते आधीच बघून ठेवा.

निघण्याआधी

पाण्यात वेबसाइट नसते. रेंज जाते, ओल्या बोटांनी स्क्रीन चालत नाही. म्हणून आदल्या रात्री कोर्सचा नकाशा, एसआयमधलं रेडिओ चॅनल आणि वेळांचं पान आणि भरतीचा तक्ता यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवा, किंवा एका कागदावर लिहून तो प्लास्टिकमध्ये घालून बोटीत चिकटवा, मला कागदच बरा वाटतो. सेफ्टी बोटीचं व्हीएचएफ म्हणजे बोटीवरच्या रेडिओचं चॅनल त्यात हवंच, आणि संकटासाठी चॅनल १६.

पैशांबद्दल एक, फी भरायला सांगणारा मेल आला तर त्यातल्या लिंकवर न जाता साइटवर स्वतः लॉगिन करून किती बाकी दिसतंय ते बघा. बँक खातं बदललंय असा मेल असेल तर क्लबला फोन करून विचारल्याशिवाय एक पैसा पाठवू नका. मुलांचे फोटो गॅलरीत टाकताना पालकांना विचारा, पूर्ण नाव लिहू नका.

आणि साइटवर काही चुकलेलं दिसलं तर सांगा, गप्प बसू नका. मेलमध्ये पानाचा पत्ता, किती वाजता बघितलं, फोनवर की कॉम्प्युटरवर, आणि एक स्क्रीनशॉट एवढं असलं की पुरतं. गेल्या वर्षी एका मुलीने, मेंबर होऊन तिला तीन आठवडे झाले असतील, रात्री साडेदहाला मेल केला की भरतीच्या तक्त्याचं पान मागच्या वर्षीचं दिसतंय, तारीख तीच पण साल वेगळं. आम्ही चार जण रोज ते पान बघत होतो. रात्रीच नवा तक्ता लावला, आणि दुसऱ्या दिवशी लाँचिंग सव्वा तास पुढे ढकलल्याची सूचना सकाळी सातला नोटीस बोर्डवर गेली.